तिसऱ्या टेकाडातली तांबडी

गावात तिला सगळे टेकाडबाई म्हणत. पुरातत्त्व खात्याने तिला इथे नेमलं, तेव्हा पहिल्याच आठवड्यात कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं, की पोस्टमनसुद्धा तिचं टपाल ‘टेकाडबाईंचं आलंय’ म्हणून खालूनच ओरडून देई. तिला त्याचं काही वाटत नसे. टेकाडांसाठीच तर ती आली होती.

टेकाडं पाच होती. गावाबाहेरच्या उतारावर, गवताने झाकलेली, दुरून पाहिलं तर कुणी पाच टोपल्या उपड्या घालून ठेवल्यात असं वाटावं. आत दगडी खोल्या होत्या आणि खोल्यांत माणसं. लोखंड कशाशी खातात हे कुणाला ठाऊक नव्हतं, त्या काळात पुरलेली. पुढे कितीतरी पिढ्यांनी या उतारावर शेतकरी आले. त्यांना त्या मेलेल्यांचं काही सोयरसुतक नव्हतं. त्यांनी टेकाडांच्या कडेचे दगड उपसले आणि गुरं आत राहावीत म्हणून सगळ्या उताराभोवती छातीएवढी भिंत रचली. आता ती भिंतही इतकी म्हातारी झाली होती, की टेकाडांबरोबर तीही संरक्षित.

टेकाडबाईचं काम म्हटलं तर सोपं. इथे काही होऊ द्यायचं नाही. कुणी खणायचं नाही, खांब रोवायचा नाही, दगड हलवायचा नाही. गुरं चरली तर चालतील, ती पूर्वीपासून चरतच आली होती. कुणी काही करायला गेलं, तर त्याला थांबवायचा पुरा अधिकार तिला होता. स्वतः काही करायचं म्हटलं, तर मात्र मूठभर माती उचलायलाही वरून परवानगी लागे.

ती राहायची भिंतीला लागून असलेल्या घरात, माडीवरच्या खोलीत. खाली घरमालकीण. तिला ती मावशी म्हणे. मावशी एकटीच होती, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी दूर देशी. तीन गाई, एक गळकं छप्पर आणि अखंड चालणारं तोंड एवढा तिचा संसार.

“तुझ्या मेलेल्यांची चैन आहे बाई,” मावशी म्हणायची. “माझं छप्पर गळतं तर कुत्रं विचारत नाही. आणि त्यांच्या अंगावरचं गवताचं पातं वाकलं तरी तू धावतेस.”

“ते तक्रार करत नाहीत ना मावशी, म्हणून त्यांच्या वतीने मला करावी लागते.”

“मग माझ्या छपराच्या वतीने पण कर एखादी,” मावशी म्हणे आणि ताटात आणखी दोन बटाटे वाढी. भाडेकरूला जेवण घालायचं ठरलं नव्हतं. ते आपोआप सुरू झालं होतं.

शेजारच्या घरात मावशीचा दीर राहायचा. चहा उकळायच्या आत कप पुढे करणारा माणूस, म्हणून गाव त्याला घाईकाका म्हणे. त्याने एकदा भिंतीच्या आत कुंपणाचा खांब रोवला होता. टेकाडबाईने तो उपटायला लावला. घाईकाका तिच्याशी बोलायचा बंद झाला. पण रुसून बसायलाही धीर लागतो, तो त्याच्याकडे नव्हता. चारच दिवसांत तो जिन्याखाली उभा राहून “बाई, चहा झाला का?” करायला लागला.

मावशीच्या तीन गाईंत तांबडी सगळ्यांत म्हातारी. तिची आई तिला जन्म देताना गेली. मावशीने तिला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, जुन्या रजईवर ठेवून, बाटलीने दूध पाजून वाढवलं. त्यामुळे आपण गाय आहोत हे तांबडीला कुणी कधी नीट सांगितलंच नव्हतं. ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकं आत घालून उभी राही आणि पावाचा तुकडा मिळाल्याशिवाय ते बाहेर काढत नसे. आता तिचं दूध आटलं होतं.

“वहिनी, ही नुसती बसून खाते,” घाईकाका म्हणाला होता.

“मीही बसूनच खाते आता. मला कुणाला विकणार, भाऊजी?”

टेकाडबाई नवीन होती, ओळखपाळख नव्हती, तेव्हा सकाळच्या फेरीला तांबडी तिच्या मागोमाग पाचही टेकाडं फिरायची. सरकारी पाहणीला अशा दोघी जात.

त्या वर्षी पाऊस लांबला. सूर्य कुठल्या बाजूला उगवतो ते विसरायला झालं. खालच्या वस्तीत पाणी शिरलं, रस्ते खचले. अखेर एका सकाळी आभाळ उघडलं. टेकाडबाई माडीवर गमबूट चढवत होती, इतक्यात भिंतीच्या आतून मावशीची हाक आली. हाक कसली, नुसता आवाज. तिचं नावही त्यात नव्हतं.

ती धावत गेली. मावशी तिसऱ्या टेकाडावर गुडघे टेकून बसली होती. तिच्या पुढ्यात गवत फाटून एक भोक पडलं होतं, आणि त्या भोकातून तांबडीचं डोकं आणि पाठ दिसत होती.

काय झालं असावं ते टेकाडबाईला पाहताक्षणी कळलं. आतल्या खोलीवर एकच लांबरुंद शिळा होती. पावसाने वरची माती भिजून जड झाली, शिळेला आधीच कुठेतरी तडा असणार, त्यात तांबडीचं वजन आलं. शिळा मधोमध मोडली. अर्धी तांबडीसकट आत गेली; अर्धी अजून वर, पुढच्या उभ्या दगडाच्या आणि बाजूच्या दगडांच्या आधाराने तिच्या पाठीवर छपरासारखी टांगलेली. दोन्ही बाजूंच्या उभ्या दगडांमध्ये गाय पाचरीसारखी अडकली होती.

“येतेय बाहेर, येतेय,” मावशी तांबडीला सांगत होती. “आली बघ बाई. आता बाई काढेल तुला.”

टेकाडबाई पोटावर झोपली आणि तिने भोकात बॅटरी धरली. तांबडीचे पाय शाबूत दिसत होते. ती धापा टाकत होती, पण शांत होती. मावशीचा हात तिच्या कपाळावर होता. मग बॅटरीचा उजेड जरा मागे सरकला. गाईच्या मागच्या खुरापासून वीतभर अंतरावर एक काळं मातीचं भांडं होतं. अख्खं. त्याला टेकून माणसाच्या हाताचं हाड, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि त्याच्या टोकाला चिखलात विखुरलेली बोटं. लोकांनी शतकानुशतकं दगड पळवले, टेकाडं उकरली, पण ही खोली कुणी उघडलीच नव्हती. आयुष्यभर अशी खोली बघायला मिळावी म्हणून माणसं झुरतात. तिने बॅटरी विझवली. कुणाला काही बोलली नाही.

घाईकाका तोवर गुरांच्या डॉक्टरला घेऊन आला होता. डॉक्टर उंच, हळू बोलणारा माणूस होता. त्याने गाईला हात लावून पाहिलं, कान लावून ऐकलं.

“हाड मोडलेलं वाटत नाही. पण छाती दोन्हीकडून आवळली गेलीय. अशी फार वेळ राहिली तर श्वासच थकेल तिचा. ओढून काढता येणार नाही. एका बाजूने उतार खणला, तर आपल्या पायांनी चालत येईल.”

“मग खणू की!” घाईकाका म्हणाला. “खणायचं यंत्र बोलावलंय मी. निघालंसुद्धा.”

सगळ्यांनी टेकाडबाईकडे पाहिलं.

तिने खात्याच्या मोठ्या साहेबांना फोन लावला. ते बैठकीत होते. अग्निशमन दलाला लावला. त्यांची सगळी माणसं खालच्या वस्तीत होड्या घेऊन फिरत होती. माणसं सुटली की येतो, म्हणाले. लांब हाताची क्रेन कुठे मिळते का, पाहिलं. होती, पण रस्ता खचलेला, मोठा वळसा घालून, आज तर नाहीच. तिने पुन्हा मोठ्या साहेबांना लावला.

इकडे यंत्र आलं. भिंतीला आत यायला एकच वाट होती, दोन गाई शेजारी शेजारी जातील एवढी. यंत्र त्यातून मावेना.

“दोन हात भिंत पाडू,” घाईकाका म्हणाला. “दगड काय, परत रचता येतात. तो रचणारा काय आभाळातून आला होता?”

टेकाडबाई वाटेत उभी राहिली. “काका, नाही.”

“अगं, ती मरतेय आत!”

“यंत्र टेकाडापर्यंत नेलं तर त्याच्या वजनाने उरलेली शिळा खाली येईल. भिंतीचं सोडा. डॉक्टर, तुम्ही सांगा.”

डॉक्टर म्हणाला, “बाईंचं खरं आहे. यंत्र जवळ आणायला नको.”

घाईकाकाने टोपी काढून मांडीवर आपटली. यंत्र भिंतीबाहेर घरघरत राहिलं, मग चालकाने ते बंद केलं. त्या शांततेत तांबडीचा श्वास वाटेपर्यंत ऐकू येत होता.

शेवटी मोठ्या साहेबांचा फोन आला. टेकाडबाईने सगळं सांगितलं. भांड्याचंही सांगितलं, आवाज खाली आणून.

“अख्खं?” साहेबांनी विचारलं.

“अख्खं आहे. सर, हाताने खणायची परवानगी हवीय. फक्त उतारापुरती.”

“हे बघा, असं फोनवर देता येत नाही. समिती आहे. उद्या दोन तज्ज्ञ पाठवतो.”

“उद्यापर्यंत गाय राहणार नाही, सर.”

 साहेब माणूस वाईट नव्हता. वर्षाअखेरीला निवृत्त व्हायचा होता आणि तोवर त्याला काही घडायला नको होतं.

“मी नाही म्हटलेलं नाही,” ते म्हणाले. “हो पण म्हटलेलं नाही. तुम्ही जागेवर आहात. काय ते तुमच्या जबाबदारीवर.” आणि फोन बंद झाला.

टेकाडबाई हातातल्या फोनकडे बघत राहिली. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत. ती परत टेकाडावर आली. मावशी कुठूनशी बादली आणून, कपडा भिजवून, तांबडीच्या तोंडात पाणी पिळत होती. तिच्या स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत चिखलाने माखल्या होत्या.

“काय म्हणाले तुझे साहेब?”

“काहीच म्हणाले नाहीत, मावशी.”

“मग बरंय की. नाही तर म्हणाले नाहीत ना?” मावशीने इतक्या भरवशाने वर पाहिलं, की टेकाडबाईला नजर वळवावी लागली. “तूच आहेस इथली साहेब. तुझ्याच हातात आहे सगळं.”

दुपार कलायला लागली होती. टेकाडबाईने फावडं मागितलं. तिला कुणी दिलं, ते तिला नंतर कधी आठवलं नाही. ती एवढंच म्हणाली, “हाताने. हळूहळू. मी सांगेन तिथेच.”

आता कुठून खणायचं, हा प्रश्न होता. मागून खणलं असतं तर उतार लांब झाला असता, शिवाय गाईला उलट चालावं लागलं असतं. आणि मागच्याच बाजूला ते भांडं होतं, ते हाड होतं. पुढून खणलं तर अंतर कमी, तांबडीचं तोंडही तिकडेच. पण पुढच्या उभ्या दगडावर अर्ध्या शिळेचा भार होता.

“पुढून,” टेकाडबाई म्हणाली.

डॉक्टरने शिळेकडे बोट दाखवलं. “आधी टेकू लावू.”

घाईकाकाने घरातले वासे आणले, शेजारचे दोघे-तिघे आले. शिळेखाली जिथे हात पोचला तिथे वासे ठोकले, दगडाला बाहेरून तिरपे टेकू दिले. मग टेकाडबाईने फावडं मारलं. इतकी वर्षं ज्या मातीवर तिने कुणाला काठी टेकवू दिली नव्हती, त्या मातीत तिने पहिला घाव स्वतः घातला. गवताचा गालिचा उचलून बाजूला ठेवला, जसा काही तो संध्याकाळी परत अंथरायचाच आहे.

माती पाणी पिऊन लोण्यासारखी मऊ झाली होती. काम भरभर उरकत होतं. घाईकाकाला पहिल्यांदाच कुणी हळू खण म्हणत होतं आणि तो ऐकत होता. उतार गुडघ्याएवढा खोल झाला, मग मांडीएवढा. मावशी वरून तांबडीला बातम्या देत होती. “भाऊजी खणतायत बघ. तुला बसून खाते म्हणणारे. आज त्यांनाच कामाला लावलंस.”

लोक हसले. टेकाडबाईसुद्धा हसली. त्या दिवसातला तेवढाच काय तो एक क्षण सगळ्यांना वाटलं, की जमतंय.

मग एका टेकूच्या बुडाशी पाणी आलं. डॉक्टरच्या लक्षात आलं. तो “थांबा” म्हणाला आणि सगळे थांबले, पण माती थांबली नाही. टेकू सावकाश, अगदी सावकाश, चिखलात रुतायला लागला. घाईकाकाने त्याला मिठी मारली. पुढचा उभा दगड, इतका काळ ज्या मातीने त्याला धरून ठेवलं होतं ती माती आता समोर नव्हती म्हणून, थोडा बाहेर कलला. थोडाच. अर्धी शिळा त्याच्यावरून निसटली आणि तांबडीच्या पाठीवर उतरली.

मोठा आवाज झाला नाही. तांबडीने मात्र पहिल्यांदाच तोंड उघडून हंबरडा फोडला आणि मग तिचं डोकं मावशीच्या मांडीवर पडलं.

घाईकाका टेकू धरून तसाच उभा होता, मानेच्या शिरा ताणून, जणू त्यानेच सगळं टेकाड पेललं होतं. “उचला! अरे उचला ना!” सगळ्यांनी शिळेला हात घातले. टेकाडबाईनेही घातले. तिची नखं फाटली. शिळा हलली नाही. दहा माणसांनाही हलली नसती.

डॉक्टर भोकात अर्धा उतरला, बराच वेळ तपासत राहिला. वर आला तेव्हा त्याने हात पुसले आणि तो मावशीजवळ उकिडवा बसला.

“मावशी, मागचे पाय गेले. आता खणून उपयोग नाही, ओढूनही नाही. तिला दुखतंय. एक इंजेक्शन आहे माझ्याकडे. झोप लागल्यासारखं होईल.”

 मावशीने तांबडीच्या कानामागे खाजवलं. मग तिने मान वर करून टेकाडबाईकडे पाहिलं.

“याला पण परवानगी लागते का गं?”

टोमणा नव्हता तो. तिला खरंच माहीत नव्हतं. सकाळपासून प्रत्येक गोष्टीला लागत होती, तर यालाही लागत असेल, म्हणून तिने विचारलं होतं. टेकाडबाईने मान हलवली, नाही म्हणून. 

“मग द्या, डॉक्टर,” मावशी म्हणाली.

अग्निशमन दलाची गाडी आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यांनी भोकाभोवती दोरी बांधली आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी दोन तज्ज्ञ आले, त्यांच्याबरोबर एक अभियंता आणि पाठोपाठ मोठे साहेबही. त्यांनी टेकाडावर तंबू ठोकला. तांबडी अजून आतच होती. मोजमापं आणि फोटो होईपर्यंत काहीही हलवायचं नाही, असं ठरलं. मावशीने स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली, कारण वारा तिकडूनच येत होता.

अभियंत्याला टेकाडबाईने एकटं गाठून विचारलं, “मागच्या बाजूने खणलं असतं तर?”

त्याने वाकून दगड पाहिले, हनुवटी खाजवली. “मागून? काय सांगणार. कदाचित शिळा टिकली असती. कदाचित मागचे दगडही सरकले असते. या मातीचं आता काही सांगता येत नाही. का हो?”

“सहज.”

पुढून खणायला सांगितलं ते गाईसाठी, अंतर कमी म्हणून, की त्या भांड्यासाठी? त्या क्षणी आपल्या मनात काय होतं, हे ती पुन्हापुन्हा आठवून पाहत राहिली. जितकं आठवावं तितकं ते गढूळ होत गेलं. हेही खरं वाटे, तेही खरं वाटे.

मोठ्या साहेबांनी तिला तंबूच्या बाहेर बोलावलं. “विनापरवाना खोदकाम झालंय, त्याबद्दल विचारणा होईल. ती होणारच. पण घाबरू नका. वरचे लोक खूश आहेत. असं भांडं या भागात मिळालेलं नाही.” त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं. “वाईटातून चांगलं निघालं म्हणायचं.”

तिला त्यांचा हात झटकावासा वाटला. झटकला नाही.

रस्ता दुरुस्त झाला आणि ती लांब हाताची क्रेन आली. तिला भिंतीच्या आत यावंच लागलं नाही. बाहेर उभं राहून तिने हात लांबवला, शिळा उचलून बाजूला ठेवली, मग पट्टे घालून तांबडीला वर घेतलं. एवढंच होतं ते. घाईकाका भिंतीला टेकून बघत होता.

“त्या दिवशी कुठे होतं गं हे?” तो म्हणाला. टेकाडबाईकडे न बघता म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता निघून गेला. या वेळी मात्र तो बरेच दिवस तिच्याशी बोलला नाही.

ताडपत्रीखाली तांबडीला भिंतीजवळ ठेवलं. मावशी घरातून आली. तिने डोकं नीट विंचरलं होतं, धुतलेला स्वेटर घातला होता.

“तिला कोपऱ्यातल्या त्या झाडाखाली ठेवू,” ती म्हणाली. “दुपारची तिथेच बसायची ती. भाऊजींना सांगते खड्डा करायला. फार जागा नाही लागणार.”

टेकाडबाईने झाडाकडे पाहिलं. “मावशी, भिंतीच्या आत खणता येत नाही.”

“आता काय राहिलंय खणायचं? एवढं खणलंत की.”

“ते तिथलं. इथे अजून खाली काय आहे, कुणाला माहीत नाही.”

भिंतीबाहेर मावशीचं म्हणजे फरशी घातलेलं अंगण. घाईकाकाच्या शेतात अजून गुडघाभर पाणी. टेकाडबाई मोठ्या साहेबांकडे गेली, ते गाडीत बसायच्या बेतात होते. ती अजिजीने बोलली, आयुष्यात कुणापुढे बोलली नव्हती इतक्या अजिजीने. साहेबांनी ऐकून घेतलं. मग ते चष्मा पुसत म्हणाले, “मला समजतं हो. पण एकाला हो म्हटलं, की उद्या सगळं गाव आपली मेलेली जनावरं घेऊन येईल. पुरायची जागा आहे का ही?”

बोलून गेल्यावर त्यांना स्वतःलाच काहीतरी खटकलं असावं. ते घाईने गाडीत बसले.

ती परत आली तेव्हा मावशीने तिचा चेहरा पाहिला आणि विचारलंच नाही. नगरपालिकेची मोकळ्या हौद्याची गाडी आली. दोघा माणसांनी तांबडीला साखळीने वर ओढलं. गाडी वळताना मावशी दोन पावलं तिच्या मागे गेली आणि थांबली. मग घरात जाऊन तिने दोघींसाठी सूप गरम केलं.

त्या रात्रीच्या जेवणाला टेकाडबाई म्हणाली, “मावशी, मी दुसरी खोली बघते.”

“का? या खोलीला काय झालंय?”

“तुम्हाला माझं तोंड बघवत असेल का रोज...”

“तुझ्या तोंडाने काय केलंय?” मावशीने पाव कापला. “तू खणलंस की. मी पाहिलं ना.”

“पण मी पुढून खणायला लावलं. मागून...”

“राहू दे,” मावशी म्हणाली. “ते मला नको सांगूस. मला ते ठेवायला जागा नाही.”

तिने शिवी दिली असती, ताट भिरकावलं असतं, तर टेकाडबाईला बरं वाटलं असतं. मावशीने नेहमीसारखे दोन बटाटे वाढले. फक्त ती बोलत नव्हती. अखंड चालणारं ते तोंड जेवणभर मिटलेलं होतं, आणि पुढच्या दिवशीही, त्याच्या पुढच्याही. लागेल तेवढंच बोले. पुढे उरलेल्या दोन गाईही तिने दूरच्या एका ओळखीच्या कुटुंबाला देऊन टाकल्या. म्हणाली, गुडघे दुखतात.

हवा कोरडी झाल्यावर तिसऱ्या टेकाडाचं रीतसर उत्खनन सुरू झालं. सगळी परवानगी आली होती. त्याची प्रमुख म्हणून टेकाडबाईलाच नेमलं. खोलीतला सांगाडा हळूहळू मोकळा झाला. बाई होती, बरीच वयस्क, एका कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपवलेली. बाहेरगावाहून लोक बघायला येऊ लागले. भांडं आधीच मोठ्या शहरात गेलं होतं. टेकाडबाई रोज सकाळी ब्रश घेऊन त्या खोलीत उतरे. काम तिला येत होतं आणि ती ते चोख करत होती. त्यातलं सुख तेवढं कुठे गेलं होतं, ते तिला सापडत नव्हतं.

एका दुपारी मावशी आली. भिंतीच्या आत ती त्या दिवसानंतर पहिल्यांदाच येत होती. खणणाऱ्यांनी तिला वाट करून दिली. ती खड्ड्याच्या काठावर उभी राहिली, पदराशी चाळा करावा तशी स्वेटरची कड बोटांनी चुरगाळत. सांगाड्याकडे तिने पाहिलं, पण तिची नजर तिथे थांबली नाही. ती दगडांवरून फिरत मागच्या भिंतीपर्यंत गेली, तिथून पुढच्या मोकळ्या जागेकडे आली.

“किती लहान आहे गं खोली,” ती म्हणाली.

“हो, मावशी.”

“वरून मोठी वाटली होती.”

टेकाडबाई ब्रश खाली ठेवून उठली. काहीतरी बोलायला हवं होतं.  मावशी इतक्या दिवसांनी आपण होऊन दोन वाक्यं बोलली होती. ती काठावर चढेपर्यंत मावशीने खणणाऱ्या मंडळींना विचारलं, “जेवलात का रे?” आणि उत्तर ऐकून ती वळून घराकडे चालायलाही लागली.

“मावशी,” टेकाडबाईने हाक मारली आणि ती मागोमाग निघाली.

मावशी थांबली नाही. गुडघे दुखत होते, तरी चांगली भरभर चालत होती. भिंतीच्या वाटेपाशी ती पोचली, तोच खड्ड्यातून कुणीतरी ओरडलं, “बाई, इकडे या लवकर! अजून एक हाड लागलंय!”

टेकाडबाई मावशी आणि खड्डा यांच्या मधोमध उभी राहिली. मावशी वाटेतून पलीकडे गेली. मग टेकाडबाई वळली आणि परत खड्ड्याकडे आली, कारण आता तिथे तिच्याशिवाय कुणी काही हलवायचं नव्हतं.